काचेची इमारत आणि लिल्लाहचा पैसा

गेल्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर आमच्या गावात एका नव्या दवाखान्याच्या बांधकामाविषयी बैठक झाली. पन्नास खाटांचा दवाखाना, तळमजल्यावर वीस गाळे आणि वर चार मजले अशी योजना आहे. गाळ्यांच्या भाड्यातून दवाखान्याचा थोडाफार खर्च निघावा, हा हेतू आहे. हेतू नेक आहे आणि ज्यांनी तो मनात धरला त्यांना अल्लाह त्याचा बदला देवो.

आर्किटेक्ट साहेबांनी भिंतीवर चित्र लावले. खालपासून वरपर्यंत निळी काच, त्यावर मोठ्या अक्षरांत दवाखान्याचे नाव, समोर खजुराची दोन झाडे. बैठकीत माशाअल्लाहचा पुकारा झाला. कोणी म्हणाले, अगदी मुंबईसारखी दिसते. आम्ही विचारले, साहेब, ही काचेची बाजू कोणत्या दिशेला आहे? ते म्हणाले, "मगरिबला. रस्ता तिकडेच आहे ना." मग आम्ही दुसरा प्रश्न विचारला की, दर महिन्याला लाइटबिल किती येईल? त्याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. हाजीसाहेब हसून म्हणाले, "सेठ, पहले इमारत तो बनने दो."

आमचे म्हणणे नेमके इथेच आहे. इमारत बनल्यावर या प्रश्नाचा काही उपयोग नाही. आपण दिवसातून पाच वेळा मगरिबकडे तोंड करून उभे राहतो. आपल्याइतकी ती दिशा कोणाला ठाऊक असणार? पण नकाशा काढताना दुपारनंतरचा सूर्य तिकडूनच येतो, हे आपण विसरतो.

ही नुसती शंका नाही. आपल्याच समाजाच्या एका जुन्या दवाखान्यात हे होऊन गेले आहे. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण चूक चांगल्या हेतूने झाली होती आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो. तिथेही दर्शनी बाजू पश्चिमेला आणि पूर्ण काचेची होती. पहिल्याच उन्हाळ्यात दुपारी तीननंतर बाह्यरुग्ण विभागात बसवेना. एसी वाढवले, ते पुरेनात. तेव्हा ट्रस्टी मंडळी आमच्या पेढीवर आली आणि जाड कापडाचे तागे घेऊन गेली. त्याचे पडदे शिवून काचेवर लावले. पडद्यांमुळे आत अंधार झाला, म्हणून दिवसा ट्यूबलाइट लावाव्या लागल्या. म्हणजे काच बसवायला पैसे गेले, काच झाकायला पैसे गेले आणि झाकल्यावर उजेड करायलाही पैसे गेले. आणि पडद्याने ऊन थांबते तरी किती? काचेतून आत आलेली धग पडदा आतच सोडतो. ऊन काचेच्या बाहेर अडवायचे असते, छज्ज्याने किंवा जाळीने. कापडवाल्याने कापडाच्या विरुद्ध साक्ष द्यावी, असा हा प्रसंग आहे, पण खरे ते सांगितले पाहिजे.

आता हिशेब पाहू. व्यापाऱ्याला हिशेबाशिवाय गोष्ट पटत नाही. समजा, इमारतीला सहा कोटी लागले आणि लाइटबिल महिन्याला तीन लाख आले. वर्षाचे छत्तीस लाख झाले. पंचवीस वर्षांत नऊ कोटी, आणि तेही दर एक पैसाही वाढला नाही तर. म्हणजे ज्या इमारतीसाठी आपण गावोगाव चंद्याची पावती पुस्तके फिरवतो, तिच्या दीडपट रक्कम गुपचूप मीटरमधून निघून जाते. आपण कापड घेताना पहिल्या धुण्याला रंग सुटेल का, पन्हा आकसेल का, हे पाहतो. मीटरला दोन रुपये स्वस्त असलेले कच्च्या रंगाचे थान आपण परत पाठवतो. इमारत घेताना मात्र नुसता दर्शनी भाग पाहून सौदा करतो.

आणि हा पैसा येतो कुठून? जकातीतून तो भागत नाही. हनफी फिकहप्रमाणे जकातीची रक्कम हक्कदाराच्या हातात मालकीने द्यावी लागते. ती विटा-सिमेंटला लागत नाही आणि लाइटबिलालाही लागत नाही. गरीब रुग्णाच्या औषधाला जकात मिळेल, पण एसीच्या बिलाला लिल्लाह आणि इमदादच लागते. ती रक्कम नेहमीच तुटपुंजी असते. ती पुरली नाही की ट्रस्टीसमोर एकच रस्ता उरतो, केसपेपरची फी आणि खाटेचे भाडे वाढवणे. मग लूमवर बारा तास उभा राहणारा कामगार त्या दवाखान्याच्या पायरीवरून परत जातो. बिलाची किंमत शेवटी तो भरतो.

ज्याला आज ग्रीन बिल्डिंग किंवा शाश्वत बांधकाम म्हणतात, त्याचा अर्थ आम्ही आमच्या भाषेत एवढाच घेतो की, इमारतीने सूर्य, हवा आणि पाणी यांच्याशी भांडू नये. भांडली की रोज दंड भरावा लागतो. सरकारनेही याचे नियम केले आहेत. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आहे. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी इमारत संहिता २००७ साली आली, ती २०१७ मध्ये सुधारली गेली आणि २०२२ मध्ये मूळ कायद्यातही दुरुस्ती झाली. १०० किलोवॅट जोडभार किंवा त्याहून अधिक असलेल्या इमारती २०१७ च्या संहितेत धरल्या होत्या. चार मजली एसी दवाखाना सहज त्यात बसतो. याशिवाय लीड, गृह अशा दर्जा देणाऱ्या पद्धती आहेत. मुंबईत कुर्ल्याच्या कोहिनूर हॉस्पिटलला लीडचा प्लॅटिनम दर्जा मिळालेला आहे. हैदराबादेत गोदरेज यांच्या नावाने उभे असलेले ग्रीन बिझनेस सेंटर हे व्यापारी कामाचे भवन असून त्यालाही २००३ साली हाच दर्जा मिळाला. तिथे ऊन गाळायला जाळीच्या भिंती आहेत आणि हवा गार करून आत सोडणारे दोन मनोरे आहेत. जाळी आणि हवेचे मनोरे! विजापूरच्या आणि इराणच्या कारागिरांची ही विद्या आता परदेशी प्रमाणपत्र घेऊन आपल्याकडे परत आली आहे. प्रमाणपत्राच्या फीइतका पैसा नसेल तर ते घेऊ नये, असे आमचे मत आहे. दिवाणखान्यात टांगलेल्या प्रमाणपत्राने बिल कमी होत नाही. पण त्यामागची अक्कल फुकट मिळते, ती का सोडावी?

औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, इथली पाणचक्की आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगतची ही चक्की १७४४ च्या सुमाराची. डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून शहरापर्यंत आणले, ते उंचावरून सोडून त्याच्या जोरावर चक्की फिरवली आणि मुसाफिरांसाठी पीठ दळले. इथवर सगळ्यांना ठाऊक असते. पण तिथला मोठा हौद आहे ना, तो एका दालनाचे छप्पर आहे, हे फार कमी लोक पाहतात. वर पाणी आणि खाली बसण्याची जागा. भर मे महिन्यात त्या दालनात जाऊन बसा म्हणजे कळेल. एकाच पाण्याने पीठ दळले, हौद भरला, दालन गार केले. बिल शून्य.

दवाखान्याच्या बाबतीत हवेचा मुद्दा पैशापेक्षाही मोठा आहे. हकीम राझी यांच्याविषयी एक हकीकत सांगतात. बगदादमध्ये शफाखान्याची जागा ठरवायची होती, तेव्हा त्यांनी शहरात ठिकठिकाणी मांसाचे तुकडे टांगायला लावले आणि जिथे मांस सर्वांत उशिरा सडले ती जागा निवडली. इतिहासकार म्हणतात की तारखा जुळत नाहीत, तो प्रसिद्ध शफाखाना राझींच्या नंतरचा आहे. असेल. पण हजार वर्षे लोकांनी ही गोष्ट जपली, कारण तिच्यातला मुद्दा त्यांना पटत होता. जागा आधी हवेसाठी पाहायची, रस्त्यासाठी नंतर.

यंत्रमागाच्या गावात क्षयाचे दुखणे आपल्याला नवे नाही. कापसाच्या रुईत आणि बंद शेडमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला दवाखान्यात पुन्हा बंद काचेत ठेवायचे का, याचा विचार करा. दक्षिण अमेरिकेत पेरू देशाच्या लिमा शहरात आठ रुग्णालयांतील सत्तर खोल्यांची तपासणी झाली होती आणि तिचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. खिडक्या-दारे उघडी ठेवलेल्या खोल्यांत तासाला सुमारे २८ वेळा हवा बदलत होती. यंत्राने हवा खेळवलेल्या बंद खोल्यांत फक्त १२ वेळा. त्यातही १९५० च्या आधी बांधलेल्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या वॉर्डांत हा आकडा ४० पर्यंत गेला, तर नव्या इमारतींत खिडक्या उघडूनही तो १७ च राहिला. ही तपासणी क्षयाच्या फैलावासाठीच केलेली होती. पुढे २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयांतील नैसर्गिक हवेविषयी मार्गदर्शक पुस्तिकाच काढली. २०२० साली कोरोनात आपण सगळेच हवेचे मोल शिकलो, पण पाठ लवकर विसरलो.

यावर डॉक्टर मंडळी म्हणतील की ऑपरेशन थिएटरला खिडक्या उघड्या ठेवून चालत नाही. बरोबर आहे. थिएटर आणि अतिदक्षता विभाग यांना गाळलेली, यंत्राची हवाच हवी. तिथे काटकसर करणे म्हणजे गुन्हा होईल. पण चार मजल्यांत थिएटर आणि अतिदक्षता विभाग किती जागा घेतात? उरलेले वॉर्ड, बाह्यरुग्ण विभाग, जिने, बोळ, कार्यालय, औषधांचे दुकान यांना उंच छत, समोरासमोर खिडक्या, मच्छरांची जाळी आणि पंखे पुरतात. एसी लागलाच तर तो चोवीसवर ठेवावा. २०२० पासून नव्या स्टार-लेबलच्या एसीत सुरुवातीची सेटिंग चोवीस अंशांचीच ठेवणे बंधनकारक झाले आहे. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाचे म्हणणे आहे. आपल्याकडे अठरावर एसी लावून वर रजई मागण्याचा शौक आहे.

काचेचा आणखी एक धोका आहे आणि तो सांगताना जीव घाबरा होतो. ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे कोलकात्याच्या एका बड्या खासगी रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. धूर वरच्या मजल्यांवर चढला. इमारत काचेने बंद होती, धुराला बाहेर जायला वाट नव्हती. सुमारे नव्वद माणसे गेली, त्यांतली बहुतेक आगीने नाही तर धुराने, आपल्या खाटेवरच. वाचवायला आलेल्यांना काचा फोडून आत जावे लागले. आणि आपल्या धंद्यातली गोष्ट म्हणाल तर जानेवारी २०२० मध्ये सुरतेत एका दहामजली कापड मार्केटची दर्शनी बाजू कशी पेटली होती, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. सजावटीसाठी लावलेले आवरणच आग वर घेऊन जाते. खाली वीस गाळे, त्यांत बहुधा कापडाचेच, आणि वर आजारी माणसे. आम्ही बैठकीत हे बोललो तेव्हा काही जणांना ते अपशकुनी वाटले.

गाळ्यांविषयीही दोन शब्द. कापडाच्या जुन्या दुकानांना पुढे रुंद ओटा आणि वर खोल छज्जा असे. ऊन आत येत नसे, पण उजेड येई. आता मार्केटचा गाळा म्हणजे तीन बाजू बंद असलेली पेटी. गिऱ्हाईक बाई साडी हातात घेते आणि रंग पाहायला बाहेर रस्त्यावर जाते. हे रोज पाहूनही आपल्याला कळत नाही की, हा आपल्या इमारतीवरचा शेरा आहे. भर दुपारी बोळातले दिवे चालू असतात आणि त्याचे बिल देखभालखर्च म्हणून आपल्याच माथी येते. त्यात आपण बोळात गाठी रचून उरलीसुरली हवाही अडवतो, हा दोष आर्किटेक्टचा नाही.

आफ्रिकेत झिंबाब्वेची राजधानी हरारे इथे १९९६ साली ईस्टगेट नावाचे दुकाने आणि कचेऱ्यांचे मोठे संकुल उभे राहिले. मिक पिअर्स हे त्याचे आर्किटेक्ट. वाळवीच्या वारुळात हवा कशी खेळते, यावरून त्यांनी कल्पना घेतली. रात्रीची गार हवा काँक्रीटच्या मजल्यांमधून फिरवायची, म्हणजे काँक्रीट गार होते आणि दिवसा तोच गारवा आत येतो. नेहमीसारखा एसी तिथे बसवलेला नाही. हे जसेच्या तसे भिवंडी-मुंबईला चालणार नाही, तिथे रात्रीही हवा दमट असते. पण मालेगाव, धुळे, औरंगाबाद या कोरड्या हवेच्या गावांत रात्र बरीच गार होते. तो गारवा आपण खिडक्या बंद करून बाहेर ठेवतो आणि सकाळी विकत घेतो.

पाण्याचा हिशेब सरळ आहे. शंभरपर्यंत खाटांच्या रुग्णालयाला एका खाटेमागे दिवसाला ३४० लिटर पाणी धरावे, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. पन्नास खाटांना १७ हजार लिटर झाले. गच्ची १० हजार चौरस फूट, म्हणजे सुमारे ९३० चौरस मीटर धरा. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर तिच्यावर साडेचार लाख लिटरहून अधिक पाणी येते. वाया जाणारे सोडून चार लाख हाती लागले, तर ते साधारण तेवीस दिवसांचे पाणी झाले. बोअरला वळवले तर तो उन्हाळ्यात महिनाभर तरी उशिरा आटेल. वर्षभर पुरेल असे आम्ही म्हणत नाही. पण तेवीस दिवसांचे टँकर किती रुपयांना येतात, ते खजिनदार साहेबांना विचारा. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी उधळू नये, अशी ज्यांना प्रेषितांची (स.) शिकवण आहे, त्यांच्या इमारतीचे पाणी गटारात जावे, हे कसे? वुजूचे आणि हात धुण्याचे पाणी वेगळ्या पाइपने नेले तर झाडांना चालते. पण ती वेगळी लाइन प्लास्टरच्या आधी टाकावी लागते.

त्याच गच्चीच्या अर्ध्या भागात सौर पॅनल बसतात. शंभर चौरस फुटांना एक किलोवॅट धरला तर पन्नास किलोवॅट. आपल्याकडे किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट सरासरी मिळतात, म्हणजे महिन्याला सहा हजार युनिट. दहा रुपये दराने साठ हजार रुपये. शिवाय पॅनलच्या सावलीने खालचा स्लॅबही कमी तापतो. उरलेल्या गच्चीला कोब्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी करावी. आमच्या लहानपणी गवंडी ती न सांगता करत. चादरी धुण्याच्या गरम पाण्यासाठी सौर हीटर लावावा. दवाखान्याची चादर कडक पाण्यात धुवावी लागते, म्हणून तिला चांगल्या सुताचे कापड घ्यावे, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

पण सर्वांत सोपा नफा पंख्यात आहे. जुना पंखा सुमारे ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. शंभर पंखे दिवसाला वीस तास चालले तर रोज ९० युनिट वाचतात, महिन्याला २,७०० युनिट, दहा रुपये दराने २७ हजार. पंखा तीन हजारांचा धरला तरी शंभर पंख्यांचे तीन लाख वर्षभरात वसूल होतात. असा नफा आज कापडात तरी मिळत नाही. आपले कारखानदार लूमच्या मोटारीला कपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर सांभाळतात, युनिटयुनिट मोजतात. तीच माणसे ट्रस्टी झाली की मोजणे सोडून देतात, याचे आम्हाला फार नवल वाटते.

आणि हे काम करणार कोण? गवंडी, सुतार, प्लंबर, वायरमन, फॅब्रिकेटर यांत आपल्या समाजाचे हात किती आहेत, ते सांगायला नको. बाहेरून येणारी काच आणि तिचा ठेकेदार मोठ्या शहरातला असतो, पैसा गावाबाहेर जातो. छज्जे, जाळ्या, लोखंडी झडपा, पाण्याच्या दोन लाइनी, सौर पॅनलचे सांगाडे, हे सगळे आपल्या गावात बनते. आयटीआय केलेल्या मुलांना सौर कामाचे शिक्षण देण्यासाठी केंद्र सरकारने २०१५ साली सूर्यमित्र नावाचा कार्यक्रम सुरू केला होता. असे शिकलेले दोन-चार मुलगे हाताशी असले तर पॅनल पुसायलाही बाहेरचा माणूस बोलवावा लागणार नाही.

बैठकीच्या शेवटी आम्ही एवढीच विनंती केली की, दर्शनी बाजूची काच काढून तिथे खोल गॅलरी आणि जाळी धरून दुसरा नकाशा काढावा आणि दोन्ही नकाशांच्या खाली वर्षाच्या बिलाचा अंदाज लिहून आणावा. शेजारच्या गावांतल्या अशाच तीन दवाखान्यांची बारा महिन्यांची लाइटबिलेही मागवावीत. हाजीसाहेबांनी मान डोलावली. पुढची बैठक येत्या जुम्याला आहे. पायाच्या खुणा आखून झाल्या आहेत, खोदाई अजून सुरू झालेली नाही. बिले आज सकाळपर्यंत आलेली नव्हती, म्हणून आम्ही उद्या स्वतःच आणायला जाणार आहोत.